सणाचं सामान दोनदा बांधा: बसवनगुडीतल्या घरासाठी खर्चाचा हिशेब

बंगळुरूच्या बसवनगुडीतल्या मराठी घरात भाद्रपद ते कार्तिक या काळात माळ्यावरचं सगळं सामान खाली येतं. गौरींचे मुखवटे आणि कोथळ्या, घडीचं मखर, मोत्यांची तोरणं, समया. मग शेजारच्या कन्नड घरांबरोबर राहून आपलीशी झालेली दसऱ्याची बाहुल्यांची मांडणी, म्हणजे गोंबे हब्ब, आणि तिच्यात मधोमध बसणारी राजा-राणीची पट्टद गोंबे. पाठोपाठ आकाशकंदील, पणत्या, किल्ल्यावरचे मावळे. यातल्या बऱ्याच वस्तू आजी-पणजींपासून आलेल्या असतात, बाजारात त्या पुन्हा मिळत नाहीत. त्या जपायला किती पैसे लागतात आणि ते कुठे घालावेत, याचा हा हिशेब.

खरी अडचण वेळेची आहे. सप्टेंबर हा बंगळुरूचा सर्वांत जास्त पावसाचा महिना, सरासरी दोनशे मिलिमीटरच्या आसपास. ऑक्टोबरही ओलाच जातो. नेमक्या याच दिवसांत आपण गौरी-गणपतीचं आणि दसऱ्याचं सामान उतरवतो आणि लगेच डब्यात घट्ट बंद करून माळ्यावर टाकतो. लाकूड, कागद, कापड आणि माती हवेतली ओल धरून ठेवतात. डबा बंद झाला की ती ओल त्यांच्याबरोबर आत कोंडली जाते. मार्च-एप्रिलमध्ये माळा तापला की ती बाहेर येते, रात्री झाकणाच्या आतल्या बाजूला जमते आणि पुन्हा सामानावर उतरते. बुरशी, गंज आणि रंगाचे पोपडे इथून सुरू होतात. डबा महागाचा आणि हवाबंद असेल तर ओल आणखी पक्की कोंडली जाते.

म्हणून सामान दोनदा बांधा. सण संपल्यावर पहिली बांधणी सैल: पुसून, मऊ सुती कापडात गुंडाळून, पुठ्ठ्याच्या उघड्या खोक्यात, खोलीतल्या कपाटावर. पक्की बांधणी कार्तिकातल्या शेवटच्या सोमवारची कडलेकाई परिषे, म्हणजे शेंगांची जत्रा, होऊन गेल्यावर. बुल टेंपल रोडवरचे शेंगांचे ढीग उठेपर्यंत पाऊस बहुधा आटोपलेला असतो. डिसेंबरअखेर ते फेब्रुवारी हवा कोरडी असते. जानेवारी-फेब्रुवारीत मिळून पाऊस दहा मिलिमीटरच्या आसपासच पडतो. या दिवसांत बंद केलेला डबा कोरडी हवा घेऊन बंद होतो आणि तीच हवा पुढच्या पावसाळ्यात सामानाला सांभाळते. या बदलाला एक रुपयाही लागत नाही, आणि पुढे सांगितलेल्या कुठल्याही खरेदीपेक्षा त्याचा उपयोग जास्त आहे.

आधी जागा, मग डबा

बसवनगुडी ही 1898च्या प्लेगच्या सुमारास आखलेली वसाहत. काही रस्त्यांवर अजून मंगळुरी कौलांची जुनी घरं आहेत, बाकी ठिकाणी तीन-चार मजली इमारती झाल्या. दोन्हींत सामान ठेवायच्या चुकीच्या जागा वेगवेगळ्या आहेत.

जुन्या घरात धोका खालून आणि वरून येतो. जमिनीला लागून असलेल्या भिंतीत ओल चढते, वाळवी त्याच वाटेने येते, आणि सरकलेल्या एका कौलातून माळ्यावर पाणी गळतं. नव्या इमारतीत सर्वांत वाईट जागा म्हणजे वरच्या मजल्यावरचा, थेट गच्चीच्या स्लॅबखालचा लॉफ्ट. बंगळुरूची हवा सौम्य म्हणून आपण निश्चिंत असतो, पण एप्रिल 2016मध्ये या शहराचा पारा 39.2 अंशांवर गेला होता. अशा दिवशी स्लॅबखालची बंद जागा खोलीपेक्षा बरीच जास्त तापते. मेण मऊ पडतं, डिंक सुटतो, चिकटपट्टीचा गोंद पाघळून वस्तूला चिकटतो.

न्हाणीघराच्या भिंतीला लागून असलेलं कपाट, स्वयंपाकघरातला लॉफ्ट, बाल्कनीतली पेटी आणि पाण्याच्या टाकीखालची जागाही टाळा. स्वयंपाकघरात तेलकट वाफ बसते आणि तिच्यावर झुरळं येतात. चांगली जागा म्हणजे आतल्या खोलीतलं, बाहेरच्या भिंतीला न टेकलेलं कपाट, त्याचे मधले किंवा खालचे कप्पे, जमिनीपासून वीतभर वर.

जागा ठरवण्याआधी एक छोटी वस्तू घ्या: तापमान आणि आर्द्रता दाखवणारं डिजिटल यंत्र. ते 300 ते 800 रुपयांत मिळतं. निवडलेल्या जागी आठवडाभर ठेवा आणि दिवसातून दोनदा आकडे लिहून काढा. आर्द्रता 45 ते 60 टक्क्यांमध्ये असली तर जागा उत्तम. 65च्या वर रेंगाळत असेल तर सावध व्हा, सतत 70च्या वर असेल तर तिथे बुरशी येणारच. या एका यंत्राने पुढचे कितीतरी अनावश्यक खर्च टळतात.

कोणती वस्तू कशी ठेवावी

सगळं सामान एकाच खोक्यात भरू नका. वस्तू ज्याची बनली आहे त्यानुसार वेगळी करा.

*माती, शाडू आणि प्लास्टर.* मातीच्या बाहुल्या, शाडूचे मुखवटे आणि मावळे कधीही ओल्या फडक्याने पुसू नका. चित्रकलेचा मऊ, कोरडा ब्रश पुरेसा आहे, तो 50 ते 100 रुपयांत येतो. प्लास्टिकची पिशवी किंवा बबल रॅप रंगाला थेट लावू नका. उष्णतेत ते रंगाला चिकटतं आणि फुगे रंगावर उमटतात. आधी कापड, मग वरून बबल रॅप. कापूसही थेट नको, त्याचे तंतू रंगात अडकतात. मावळ्यांसाठी अंड्यांचे रिकामे, कोरडे ट्रे वापरा. मोठ्या बाहुल्या उभ्याच ठेवा आणि मध्ये पुठ्ठ्याचे कप्पे करा. आडव्या ठेवल्या की मान आणि हात यांवर भार येतो.

*लाकूड.* बंगळुरूहून सुमारे साठ किलोमीटरवरच्या चन्नपट्टणची खेळणी, सावंतवाडीची खेळणी आणि पट्टद गोंबे या तिन्हींची निगा सारखी नाही. चन्नपट्टणच्या खेळण्यांवरचा रंग लाखेचा असतो, फिरत्या लेथवर घर्षणाच्या उष्णतेने तो चढवतात. लाख उष्णतेने मऊ होते आणि स्पिरिटमध्ये विरघळते. म्हणून ही खेळणी तापणाऱ्या माळ्यावर नकोत आणि सॅनिटायझरने तर मुळीच पुसायची नाहीत. पट्टद गोंबेंचे कपडे उतरवून वेगळे ठेवा, कारण जरीवर डाग धरला तर तो लाकडावरही उतरतो. कोप्पळ जिल्ह्यातल्या किन्नाळच्या बाहुल्यांमध्ये लाकडाबरोबर भुसा आणि चिंचोक्याची खळ असते. किड्यांना ती आवडते, तेव्हा त्या दर तीन महिन्यांनी उघडून पाहा.

बाहुलीखाली पिठासारखा बारीक भुसा दिसला तर आत लाकूड पोखरणारी कीड आहे. ती बाहुली त्याच दिवशी वेगळ्या पिशवीत बंद करा. साध्या, बिनरंगाच्या लाकडाची किंवा कापडाची वस्तू पिशवीत हवाबंद करून घरच्या फ्रीझरमध्ये उणे 18 अंशांवर दोन आठवडे ठेवली की कीड मरते. बाहेर काढल्यावर पूर्ण दिवस पिशवी उघडू नका, नाहीतर वस्तूवर पाणी जमतं. रंगवलेल्या किंवा लाखेच्या जुन्या वस्तूवर हा उपाय नको, थंडीने रंगाला तडे जातात.

*कापड आणि जर.* गौरींच्या साड्या, मखराचे पडदे, रुखवतातलं भरतकाम. घामाचा, तेलाचा किंवा कुंकवाचा डाग काढून, पूर्ण वाळवूनच ठेवा. गुंडाळायला मांजरपाट किंवा मलमल घ्या, भाव मीटरला 60 ते 90 रुपये. नवीन कापड आधी दोनदा धुऊन त्यातली खळ काढा, कारण कसर आणि झुरळं खळीवरच येतात. घरात मऊ पडलेली सुती धोतरं किंवा साड्या असतील तर त्या याहून चांगल्या, आणि फुकटही. घडी वर्षातून एकदा बदला, नाहीतर जर त्याच रेषेवर तुटते.

*कागद.* घडीचे आकाशकंदील मिटवून सपाट ठेवा. कागदाच्या झिरमिळ्या आणि पताका पुठ्ठ्याला गुंडाळा. घरात जुने दिवाळी अंक असतील तर त्यांना स्वतंत्र पेटी द्या. काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी 1909 साली ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला आणि ही परंपरा सुरू झाली. कित्येक घरांत पन्नास-साठ वर्षांचे अंक रचून ठेवलेले असतात. रबर, टाचण्या आणि गंजलेल्या क्लिपा काढा. अंक सपाट आणि लहान थप्प्यांत ठेवा. वर्तमानपत्रात काहीच गुंडाळू नका, कारण त्याचा कागद आम्लधर्मी असतो आणि शाई उतरते. मौल्यवान अंकांसाठी आम्लरहित कागद घ्या. पंचवीस मोठ्या तावांना 400 ते 800 रुपये पडतात आणि ते कित्येक वर्षं पुरतात.

*पितळ आणि चांदी.* समयांवरचं तेल गरम पाणी आणि सौम्य साबणाने पूर्ण काढा, नाहीतर ते चिकट होऊन धूळ धरतं. चिंच लावली तर ती धुऊन टाका आणि धातू उन्हात कोरडा करा. फटीत राहिलेलं आम्ल पितळ खातं. जुन्या, कोरीव मूर्तीला चिंच-मीठ लावूच नका. चांदीच्या मुखवट्यांजवळ रबर, लोकर आणि वर्तमानपत्र नको, गंधकामुळे चांदी काळी पडते. मलमलीत गुंडाळून झिपच्या पिशवीत ठेवली की पुरे.

*दिव्यांच्या माळा.* बॅटरीवर चालणाऱ्या प्रत्येक वस्तूतले सेल काढा. गळलेल्या सेलमुळे दिवा कायमचा निकामी होतो. माळ पुठ्ठ्याला गुंडाळा, मुठीत गोळा करून कोंबू नका. वायरचं आवरण कडक झालं असेल किंवा उंदराने कुरतडलं असेल तर ती माळ ई-कचऱ्यात द्या.

थर्मोकोलचं काय

जुनं थर्मोकोलचं मखर अनेकांकडे आहे. 1 जुलै 2022पासून देशभर सजावटीच्या थर्मोकोलच्या उत्पादनावर, विक्रीवर आणि वापरावर बंदी आहे, तेव्हा नवीन घेऊ नका आणि जुनं जपायला पैसे घालू नका. त्याऐवजी घडीचं लाकडी किंवा कापडी मखर घ्या. ते कमी जागेत मावतं आणि दुरुस्त करता येतं.

डांबर गोळ्या की वेखंड

बाजारातल्या पांढऱ्या डांबर गोळ्यांची वाफ काही प्लास्टिक आणि रंग मऊ करते. त्याहून मोठी गोष्ट माणसांची आहे. ज्या बाळांमध्ये जीसिक्सपीडी या विकराची कमतरता असते, त्यांना या गोळ्यांतल्या नॅफ्थलिनचा गंभीर त्रास होऊ शकतो, रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. लहान मूल असलेल्या घरात या गोळ्या नकोतच. वेखंड, लवंग आणि वाळवलेला कडुनिंबाचा पाला कापडी पुरचुंडीत बांधून ठेवा, वस्तूला न लागेल अशा बेताने. या गोष्टी किडीला दूर ठेवायला मदत करतात, पण आधीच लागलेली कीड त्यांनी मरत नाही. तिथे स्वच्छता आणि दर तीन महिन्यांची पाहणी हाच उपाय.

ओल शोषायला सिलिका जेल घ्या. नारिंगी रंगाचं घ्या. निळ्यात कोबाल्ट क्लोराइड असतं, ते घरात टाळलेलं बरं. किलोला 300 ते 500 रुपये पडतात. पन्नास लिटरच्या डब्याला पाव किलो पुरतं, रंग बाहेरून दिसेल अशा जाळीच्या कापडी पिशवीत भरून. रंग बदलला की ओव्हनमध्ये 110 ते 120 अंशांवर दोन तास तापवून पुन्हा वापरता येतं. त्या वेळी ओव्हनमध्ये खाण्याचं काही ठेवू नका.

खर्चाचे तीन टप्पे

इथले भाव बाजारात साधारण सांगितले जाणारे पल्ले आहेत. जाडी, आकार आणि ब्रँडनुसार ते बदलतात, म्हणून दोन ठिकाणी विचारा. डबे आणि कापड गांधी बाजारात आणि डीव्हीजी रोडवर मिळतं. घाऊक कापडाला चिकपेट आणि कागदाला अव्हेन्यू रोड बरा. छापील किमतीत सगळे कर धरलेले असतात, त्याहून जास्त देऊ नका आणि बिल घ्या.

पहिला टप्पा, सुमारे 900 ते 1,700 रुपये:
- आर्द्रता मोजणारं यंत्र: 300 ते 800
- पाच पदरी पुठ्ठ्याची चार खोकी: 320 ते 480
- अर्धा किलो सिलिका जेल: 150 ते 250
- ब्रश, मार्कर, चिठ्ठ्या: 150 ते 200
- घरचं जुनं सुती कापड: काही नाही

दोन-तीन खोक्यांत मावणारं सामान आणि कोरडी जागा असेल तर एवढंच करा.

दुसरा टप्पा, सुमारे 4,800 ते 7,800 रुपये:
- झाकणाला क्लिपा असलेले, 50-60 लिटरचे चार डबे, प्रत्येकी 800 ते 1,200: एकूण 3,200 ते 4,800
- दहा मीटर मांजरपाट: 600 ते 900
- एक किलो सिलिका जेल: 300 ते 500
- आर्द्रता मोजणारं यंत्र: 300 ते 800
- आम्लरहित कागद: 400 ते 800

गौरी, गोंबे आणि दिवाळी तिन्ही सांभाळणाऱ्या घराला हा टप्पा योग्य. डबे पारदर्शक घ्या, म्हणजे न उघडता आत दिसतं. झाकणाला रबरी कडा असलेला महाग डबा तुम्ही जानेवारीत बांधणार असाल तरच घ्या.

तिसरा टप्पा जागेच्या दुरुस्तीचा. दोन खोल्यांच्या घराला वाळवीची फवारणी 4,000 ते 8,000 रुपयांपर्यंत जाते. रसायनाचं नाव, किती छिद्रं पाडणार, हमी किती वर्षांची आणि कर धरून एकूण किती, हे आधी लेखी घ्या. ओल काढणारं विजेचं यंत्र 12,000 ते 20,000 रुपयांना येतं. ते 250 वॉटचं धरलं, पावसाळ्यात शंभर दिवस रोज आठ तास चालवलं, तर दोनशे युनिट लागतात. युनिटला सहा रुपये धरले तर वर्षाला 1,200. हा खर्च आतल्या खोलीतही आर्द्रता 70च्या खाली येत नसेल तरच करा. त्याआधी भिंतीतली गळती काढा, कारण गळती चालू असताना यंत्र नुसती वीज खातं.

शहरात सामान साठवायला भाड्याचे गाळेही मिळतात. लहान कप्प्याला महिन्याला 1,000 ते 2,500 रुपये, म्हणजे वर्षाला 12,000 ते 30,000. वर्षातून तीनदा लागणाऱ्या सामानासाठी हे परवडत नाही. घर बदलताना दोन-चार महिन्यांपुरतं घ्यायचं असेल तर तिथे तापमान-आर्द्रता नियंत्रण आहे का, हे प्रत्यक्ष जाऊन पाहा.

मौल्यवान वस्तू: लॉकर, विमा आणि कायदा

चांदीचे मुखवटे आणि जडावाचे दागिने बँकेच्या लॉकरमध्ये ठेवले तर लहान लॉकरचं भाडं महानगरात वर्षाला साधारण 1,500 ते 3,000 रुपये, वर 18 टक्के जीएसटी. रिझर्व्ह बँकेच्या 1 जानेवारी 2022पासूनच्या नियमांनुसार आग, चोरी, इमारत कोसळणं किंवा कर्मचाऱ्याची फसवणूक यांत बँकेची जबाबदारी वार्षिक भाड्याच्या शंभरपटीपर्यंत आहे. भाडं 2,000 असेल तर ही मर्यादा दोन लाख. भूकंप, पूर, वीज अशा आपत्तीत ती जबाबदारी नाही. त्याहून मौल्यवान वस्तूंसाठी वेगळा विमा लागतो.

1 एप्रिल 2021पासून सर्व सामान्य विमा कंपन्यांकडे मिळणाऱ्या ‘भारत गृह रक्षा’ पॉलिसीत घरातलं साधं सामान येतं, पण चांदी, चित्रं आणि कलावस्तूंसाठी वेगळं संरक्षण मागून घ्यावं लागतं. चोरीची अटही नीट वाचा: या पॉलिसीत चोरी तेव्हाच धरली जाते, जेव्हा ती आग-पुरासारख्या घटनेनंतर सात दिवसांत होते. घरफोडीसाठी स्वतंत्र विमा घ्या.

शंभर वर्षांहून जुन्या मूर्ती आणि चित्रं, तसंच पंचाहत्तर वर्षांहून जुनी काही हस्तलिखितं 1972च्या पुरावस्तू कायद्याखाली येतात आणि काही प्रकारांची नोंदणी लागते. अशी वस्तू विकण्याआधी किंवा परदेशातल्या मुलांकडे पाठवण्याआधी चौकशी करा. परदेशी नेण्यावर बंदी आहे. तडे गेलेलं जुनं तंजावूर चित्र किंवा पोपडे आलेली बाहुली घरी चिकटवायला जाऊ नका. कर्नाटक चित्रकला परिषदेच्या आवारात वारसा जपणाऱ्या इंटॅक या संस्थेचं कलासंवर्धन केंद्र आहे, तिथे दाखवा आणि खर्चाचा लेखी अंदाज घ्या.

वस्तू किंवा सेवा सदोष निघाली आणि दुकानदार ऐकत नसेल तर 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करता येते.

महाराष्ट्र आणि गोव्यातल्या वाचकांसाठी

मुंबई, कोकण आणि गोव्यात समुद्राची हवा जास्त दमट आणि खारट असते. पक्की बांधणी जानेवारीतच करा, सिलिका जेल दुप्पट घ्या आणि पितळ-चांदी दर दोन महिन्यांनी पाहा. पुणे, नाशिक, सोलापूरकडे हवा कोरडी, पण उन्हाळा बंगळुरूपेक्षा कडक. तिथे गच्चीखालचा माळा हाच मुख्य शत्रू.

वर्षाचं वेळापत्रक

- गौरी विसर्जनानंतर आणि विजयादशमीनंतर: पुसा, वाळवा, सैल गुंडाळा, खोकं उघडं ठेवा.
- दिवाळीनंतर: सेल काढा, कंदील सपाट करा.
- डिसेंबरअखेर ते फेब्रुवारी: सगळं एक दिवस सावलीत, वाऱ्यावर ठेवा. सिलिका जेल तापवा. मग डबे बंद करा.
- मार्चअखेर: वरच्या माळ्यावर काही राहिलं असेल तर खाली आणा.
- जूनच्या आधी: गळती, कौलं आणि वाळवीची माती तपासा.
- जुलै-ऑगस्ट: दर तीन महिन्यांची पाहणी सोडली तर डबे उघडू नका, बाहेरून जेलचा रंग पाहा.

पक्की बांधणी करताना प्रत्येक वस्तूचा फोटो काढा. पेन्सिलीने एक चिठ्ठी लिहा: ही कोणाकडून आली, कोणत्या साली, कुठे बनली. एक प्रत डब्यात, एक कुटुंबातल्या सगळ्यांकडे. विम्याच्या दाव्यालाही याच फोटोंचा उपयोग होतो. शहाजीराजांच्या जहागिरीच्या काळापासून मराठी माणसं या शहरात नांदत आली आहेत, आणि त्यांच्या घरांतल्या वस्तूंची हकिगत बहुतेक वेळा एकाच वयस्क माणसाला ठाऊक असते. ती यंदा विचारून घ्या आणि लिहून ठेवा. यंदाचा पहिला रुपया आर्द्रतेच्या यंत्रावर घाला, आणि डब्याच्या खरेदीला परिषेपर्यंत थांबा.